एकाच खोलीतल्या अनेक शाळा

रायगडावर जाणाऱ्या बहुतेक माणसांना हिरकणीवाडी ठाऊक असते ती रोपवेमुळे. १९९६ पासून गडावर जाणारा पाळणा इथूनच सुटतो. महाडहून आलेली मंडळी गाडी लावतात, तिकीट काढतात आणि पाचेक मिनिटांत वर पोचतात. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका त्यांनी लहानपणीच ऐकलेली असते, त्यामुळे वाडीचं नाव दिसलं की कुणीतरी सोबतच्या मुलांना ती पुन्हा सांगतं. नावामागची वाडी, तिथली मुलं आणि अशा वाड्यांमधल्या शाळा मात्र पाहायच्या राहून जातात.

रायगडाच्या घेऱ्यात आणि त्याच्या दक्षिणेला पोलादपूरच्या डोंगरांत अशा वाड्या विखुरल्या आहेत. शेती पावसाची, तीही उताराची. कुटुंबंच्या कुटुंबं मुंबई-ठाण्याकडे सरकली, तसा इथल्या शाळांचा पट उतरत गेला. शाळा बहुधा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी आणि असेल तर पाचवी. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे पाच इयत्तांना दोन शिक्षक ही कायद्याने मान्य केलेली, कायमची रचना आहे. एकाच वर्गात वेगवेगळ्या कुवतीच्या आणि वेगवेगळ्या गरजांच्या मुलांना कसं शिकवायचं, हा प्रश्न शहरात चर्चासत्रांचा विषय होतो. इथे तो रोज परिपाठ संपला की समोर येतो.

याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. दिवसाला चार तास, म्हणजे २४० मिनिटं. तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाने आपला वेळ अगदी काटेकोर वाटला, तरी एका इयत्तेच्या वाट्याला ८० मिनिटं येतात. उरलेली १६० मिनिटं त्या इयत्तेची मुलं शिक्षकाशिवाय, पण शिक्षकाच्या समोर बसलेली असतात. ती मिनिटं फळ्यावरचं उतरवून काढण्यात गेली, तर मूल वर्षाकाठी दोन तृतीयांश शाळा गमावतं. त्या मिनिटांत मुलाच्या हाताला आणि डोक्याला खरं काम असेल, तर हीच शाळा कुठल्याही मोठ्या शाळेच्या तोडीची होते. बहुवर्ग अध्यापनाचं सगळं कसब या १६० मिनिटांच्या आखणीत आहे.

आता त्या खोलीत वीस मुलं आहेत असं धरू. चौथीतली एक मुलगी गोष्टीचं पुस्तक सलग वाचते, तर पाचवीतला एक मुलगा अजून जोडाक्षराशी अडतो. एक कातकरी मुलगा दिवाळीनंतर आई-बापाबरोबर कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. वयाने दहाचा आहे, पण शाळेचे सलग सहा महिनेही त्याला कधी मिळालेले नाहीत. एका मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तिच्यापुरता तास संपतो. एकाला बौद्धिक अक्षमता आहे. एक मूल सगळं तोंडी सांगतं, कागदावर मात्र अक्षरं उलटीपालटी होतात. कुणाच्या घरची बोली पुस्तकापेक्षा इतकी वेगळी की पहिलं वर्ष समजण्यातच जातं. ही यादी कुणा एका शाळेची नाही. पण डोंगरातल्या कुठल्याही शिक्षकाने ती वाचली, तर तो आपल्या मुलांची नावं त्यात भरू शकेल.

शासनाच्या कपाटात ही मुलं वेगवेगळ्या फायलींत राहतात. बहुवर्ग अध्यापन ही प्रशिक्षणाची फाइल, दिव्यांग मुलं समावेशित शिक्षणाची, स्थलांतरित मुलं शिक्षण हमी कार्डाची आणि हंगामी वसतिगृहाची, वाचनात मागे पडलेली मुलं पायाभूत साक्षरतेची. प्रत्येक फाइलचं प्रशिक्षण वेगळं, अहवाल वेगळा, ऑनलाइन भरायची माहितीही वेगळी. शिक्षकाच्या समोर मात्र ती एकाच सतरंजीवर बसलेली असतात. या प्रस्तावनेचं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यांसाठी लागणारी विद्या एकच आहे. तीन इयत्तांना एकत्र शिकवताना शिक्षक जे शिकतो, ते कमी ऐकणाऱ्या मुलीसाठी आणि भट्टीवरून परतलेल्या मुलासाठीही उपयोगी पडतं. प्रत्येक मूल आज नेमकं कुठे आहे हे पाहणं, एका विषयाला अनेक दारं ठेवणं, मुलांना एकमेकांकडून शिकू देणं आणि आपला वेळ ज्याला जास्त गरज आहे त्याला जास्त देणं, हे ते काम.

महाडच्या परिसरात एका वर्गात कोण बसणार, या प्रश्नाला जुना आणि वेदनेचा इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. जानेवारी १९२४ मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने त्याच्या अंमलबजावणीचा ठराव केला. कागद झाला, पण शहरातल्या चवदार तळ्याचं पाणी त्या समाजाला मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याचं नेतृत्व करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. तिथे त्यांना वर्गात वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. शाळेत नाव होतं, हजेरी लागत होती, आणि तरीही मूल वर्गाबाहेरच होतं. आज दिव्यांग मुलाचं नाव पटावर चढवून त्याला कोपऱ्यात रंगीत खडू देऊन बसवलं जातं, तेव्हा कारणं आणि क्रौर्य यांत कितीही फरक असला, तरी प्रवेश आणि शिक्षण यांतलं ते अंतर पुन्हा दिसतं. महाडने हे अंतर फार पूर्वी ओळखलं, म्हणून इथे त्याची आठवण केली पाहिजे.

कायद्याने गेल्या तीस वर्षांत बरीच वाट कापली. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी, वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवण्याचं धोरण मान्य केलं. भारतात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आली. समावेशित शिक्षणाची त्या कायद्यातली व्याख्या नीट वाचावी अशी आहे. दिव्यांग आणि बिगरदिव्यांग मुलं एकत्र शिकतात एवढ्यावर ती थांबत नाही. शिकवण्याची पद्धतच मुलाच्या गरजेप्रमाणे बदललेली असली पाहिजे, असं ती सांगते. मुलाने शाळेसारखं व्हायचं की शाळेने मुलासारखं, याचा निकाल तिथे लागलेला आहे.

पण नियमाचं गणित डोंगरात जुळत नाही. २८ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. वाडीच्या शाळेत अशी मुलं एक किंवा दोन असतात. दहाचा आकडा तिथे कधीच भरणार नाही. त्यामुळे विशेष शिक्षक केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळा फिरत राहतो आणि एखाद्या वाडीवर महिन्यातून कधीतरी पोचतो. पावसाळ्यात दरड आली की तेही नाही. जुलै २०२१ मध्ये तळियेवर डोंगर कोसळला, त्या महाड तालुक्यात ही भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फिरतीवरचा शिक्षक येऊन गेल्यानंतरचे सगळे दिवस त्या मुलाला वर्गशिक्षकाकडेच शिकायचं असतं. म्हणून या विषयाचा खरा वाचक वर्गशिक्षक आहे.

त्या शिक्षकासाठी महाराष्ट्रात मोठी शिदोरी आहे. ती परदेशी पुस्तकांतून शोधायला जाण्याआधी घरची पाहावी. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडीत मुलं येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी अंगणातच वर्ग भरवला. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा झाली. महागडी साधनं परवडणार नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे यांतून मोजणी आणि वर्गीकरण शिकवलं गेलं. मुलाची परिस्थिती ही शिकवण्यातली अडचण न मानता शिकवण्याची सुरुवात मानायची, ही कोसबाडची दिशा होती. पुढे नीलेश निमकरांनी २००७ मध्ये वाड्याजवळच्या सोनाळ्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था उभी केली. आदिवासी भागातल्या मुलांच्या वाचन-लेखनावर तिथे आजही बारकाईने काम चालतं.

फलटणची कथा वेगळ्या वळणाची आहे. अमेरिकेतून आलेल्या आणि नंतर भारतीय नागरिक झालेल्या भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन यांना दिसलं की गरीब वस्तीतली मुलं शाळेत जातात, तरी वाचायला शिकत नाहीत. १९७८ च्या सुमारास त्यांनी अशा मुलांना घरीच शिकवायला सुरुवात केली. अ-आ-इ-ई या क्रमाचा आग्रह त्यांनी सोडला. थोडीच अक्षरं घ्यायची, पण अशी की त्यांच्यातून लगेच शब्द आणि वाक्य तयार व्हावं. वाचणं म्हणजे अर्थ लागणं, हे मुलाला पहिल्या आठवड्यातच कळावं. पुढे १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन सुरू झालं. शाळेच्या नावातही या विषयाचा एक धागा आहे. कमलाबाई निंबकर याच मूळच्या एलिझाबेथ लुंडी. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय काढलं होतं. अपंग माणसाच्या हाताला पुन्हा काम शिकवणाऱ्या बाईंचं नाव मुलांच्या शाळेला असावं, यात मोठं औचित्य आहे.

तिसरी वाट मुंबईच्या वस्त्यांतून निघाली. ‘प्रथम’ संस्थेने इयत्ता बाजूला ठेवली आणि मूल काय वाचू शकतं ते पाहिलं: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. त्याप्रमाणे रोज ठरावीक वेळ गट करून शिकवलं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली, म्हणजे बालसखी, रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा काटेकोर अभ्यास केला आणि मुलांची प्रगती मोजून दाखवली. स्तराप्रमाणे शिकवण्याची ही रीत पुढे आफ्रिकेतल्या देशांतही गेली. मात्र एक धोका शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. गट दर काही आठवड्यांनी बदलला नाही, तर तो मुलाच्या कपाळावरचा शिक्का होतो. भाषेत मागे असलेलं मूल गणितात पुढे असू शकतं. ज्या वर्गात एकच मूल दिवसभर ‘खालच्या’ गटात बसतं, तिथे गट पाडण्याचा सगळा हेतूच वाया गेलेला असतो.

साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळांमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. जमिनीवर आखलेले तक्ते, मणीमाळा, दशक-सुट्टे, शब्दपट्ट्या, आणि मुलं आपापल्या गतीने त्यांवर काम करत आहेत, असा तो वर्ग. पुढे अनेक गावांत फरशीवरची रंगीत आखणी तेवढी पोचली, त्यामागचा विचार वाटेत राहिला. साधन मुलाच्या हातात गेलं पाहिजे आणि शिक्षकाने त्या वेळी मुलाकडे पाहिलं पाहिजे. हे दोन्ही नसेल तर रंगाचा खर्च फुकट गेला.

एका विषयाला अनेक दारं म्हणजे काय, हे घेऱ्यातल्या शाळेइतकं सोपं कुठेच दाखवता येणार नाही. चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवाजी महाराजांचा आहे आणि खिडकीतून रायगड दिसतो. विषय सगळ्यांना एकच द्यावा: आपला गड. पहिलीची मुलं गडाच्या चित्रावर बोलतील आणि ‘गड’, ‘कडा’, ‘दगड’ यांतली अक्षरं शोधतील. दुसरी-तिसरी तीन-चार वाक्यं लिहील. चौथी राज्याभिषेकाच्या १६७४ या सालापासून आजपर्यंत किती वर्षं झाली ते काढेल. पाचवी पायथ्याच्या एखाद्या आजोबांना रोपवे येण्याआधीचं गाव विचारून येईल आणि नकाशा काढेल. कमी ऐकणारी मुलगी पुढे, शिक्षकाचा चेहरा उजेडात दिसेल अशी बसेल, आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलणार नाही. कमी दिसणाऱ्या मुलासाठी मातीचा गड होईल, आणि तो सगळ्यांनाच हवासा वाटेल. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा त्याच मातीच्या गडाला दहा खड्यांच्या पायऱ्या लावील, मोजील आणि तीन चित्रं क्रमाने मांडील. कातकरी मुलाला उतारावरची झाडं, पाखरं आणि रानवाटा शिक्षकांपेक्षा जास्त माहीत असतात. तो सांगेल, सोबतचा लिहील, आणि ते लिहिलेलं त्याचंच पहिलं वाचनपुस्तक होईल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की अशाने अभ्यास सोपा होतो, हुशार मुलांचं नुकसान होतं. रायगडावर हजाराहून अधिक पायऱ्या चढून जाता येतं आणि पाळण्यातूनही जाता येतं. पाळणा आला म्हणून गडाची उंची कमी झाली नाही, ज्यांचे गुडघे साथ देत नव्हते ते वर पोचू लागले. शिक्षणात पातळी टिकवायची ती गडाची, वाट मात्र ज्याची त्याची. आणि पाळणा चालवायला माणूस लागतो, देखभाल लागते, पैसा लागतो, हेही विसरून चालत नाही. शिक्षकाच्या निष्ठेवर सगळं सोपवून मोकळं होणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

काही गरजा तर शिकवण्याच्या आधीच्या आहेत. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला पुष्कळदा चष्मा हवा असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येऊन तपासणी करतात. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी शिक्षकाने जपून ठेवली, तरी मोठं काम होतं, कारण ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज असते तीच मुलं बहुधा गैरहजर असतात. अध्ययन अक्षमतेचं तसं नाही, ती अशा धावत्या तपासणीत सापडत नाही. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती द्यायला सुरुवात केली, देशात फार लवकर. पण निदान आणि प्रमाणपत्र यांची सोय वर्षानुवर्षं मुख्यतः मुंबईसारख्या शहरांच्या मोठ्या रुग्णालयांत राहिली. रोजंदारी बुडवून पोलादपूरहून तिथवर दोन-तीन खेपा घालणं किती पालकांना जमणार? प्रमाणपत्र नसलं तरी शिक्षकाला थांबायचं कारण नाही. तोंडी उत्तर घेणं, मोठ्या रेघांचा कागद देणं, वाचायला जोडीदार देणं, पाटीवर बोटाने गिरवू देणं, यांतल्या कशालाही डॉक्टरची सही लागत नाही.

जोडीदार हा या वर्गाचा कणा आहे. पंतोजींच्या जुन्या शाळांतही मोठी मुलं लहानांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. बहुवर्ग शाळेत ही रीत आपोआप जिवंत राहते. पाचवीतली मुलगी दुसरीतल्याला शिकवते तेव्हा तिचाही पाया पक्का होतो. मात्र ती सतत शिकवतच राहिली, तर तिचं शिकणं बुडतं. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला शाळेतही तेच काम लागू नये. आणि कधीतरी उलटही घडलं पाहिजे. कातकरी मुलाने सगळ्या वर्गाला पाखरांची नावं शिकवावीत, चालायला त्रास होणाऱ्या मुलीने सागरगोट्यांच्या बेरजा करून घ्याव्यात. मदत घेणारे कायम तेच राहिले, तर वर्गात दोन जाती तयार होतात.

शाळा लहान आहे म्हणून ती बंद करावी, हा विचार गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आला आहे. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,००० हून अधिक होत्या आणि त्याच वर्षी त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्रत्येक इयत्तेला शिक्षक, हे सगळं खरं आहे. पण तिथवर नेणाऱ्या बसमध्ये कोण चढणार नाही, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. फिट येणारं मूल, चालता न येणारं मूल, सहा महिने बाहेर असणारं मूल, पाचवीनंतर जिला लांब पाठवायला घर राजी नाही ती मुलगी. वाडीतली शाळा यांच्यासाठी शेवटची नव्हे, एकमेव शाळा असते. तिचे दोन शिक्षक टिकवणं बसपेक्षा महाग पडेल, तर तो खर्च राज्याने करावा.

विशेष शिक्षकांच्या बाबतीत निदान एक पाऊल पडलं आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली. या पदावरच्या शिक्षकाने वाडीवर येऊन एका मुलाला बाजूला घेऊन अर्धा तास शिकवावं आणि नोंदवहीत सही करून निघावं, असं होऊ नये. त्याने दिवसभर त्या खोलीत बसावं, तीन इयत्तांचा वर्ग चालताना पाहावा, आणि शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकाबरोबर पुढच्या पंधरवड्याचं टाचण मिळून लिहावं. पुढची पानं अशा दोघांनी एकत्र बसून वापरावीत या हेतूने रचली आहेत. त्यांत पाठ कमी आहेत, मुलाकडे काय पाहायचं आणि ते कसं टिपून ठेवायचं याचे नमुने जास्त आहेत, आणि प्रत्येक नमुन्याखाली शिक्षकाला स्वतःच्या मुलांबद्दल लिहायला जागा मोकळी ठेवली आहे.